म्युनिकमधली दहा तासांची सभा: १९५९ चे बीएमडब्ल्यू प्रकरण

९ डिसेंबर १९५९ रोजी म्युनिकमध्ये बीएमडब्ल्यूच्या भागधारकांची वार्षिक सर्वसाधारण सभा भरली, तेव्हा व्यासपीठावरच्या मंडळींच्या लेखी निर्णय आधीच झालेला होता. कंपनी तोट्यात होती, बँका आणखी कर्ज द्यायला राजी नव्हत्या, आणि श्टुटगार्टच्या डायमलर-बेन्झने, म्हणजे मर्सिडीज गाड्या बनवणाऱ्या कंपनीने, तिला ताब्यात घेण्याची तयारी दाखवली होती. सभेने त्यावर शिक्कामोर्तब करायचे एवढेच उरले होते. सुमारे दहा तासांनी लोक सभागृहाबाहेर पडले, तेव्हा तो प्रस्ताव बारगळला होता आणि कंपनी स्वतंत्र, पण निर्धन अवस्थेत जशीच्या तशी उभी होती.

आज हे नाव उच्चारताच जी गाडी डोळ्यांपुढे येते, ती त्या दिवशी अस्तित्वातच नव्हती. म्हणून या प्रकरणात दोन प्रश्न वेगळे ठेवणे मला आवश्यक वाटते. कंपनी त्या दिवशी वाचली कशामुळे, हा एक प्रश्न; आणि वाचल्यानंतर लोकांना ती हवीहवीशी का वाटू लागली, हा दुसरा. बहुतेक कथनांत दोन्हींचे उत्तर एकच दिले जाते आणि ते हर्बर्ट क्वांट या एका धाडसी उद्योगपतीच्या नावावर टाकले जाते. त्या उद्योगपतीचा वाटा मोठाच आहे, पण कागदपत्रांचा क्रम पाहिला तर त्याच्या आधी आणि त्याच्या नंतर घडलेल्या गोष्टी तितक्याच निर्णायक ठरतात.

कंपनी या वळणावर कशी आली

कंपनीची मुळे विमानाच्या इंजिनांत आहेत. १९१७ मध्ये म्युनिकच्या राप मोटोरेनवेर्के या कारखान्याचे नाव बदलून बायेरिशे मोटोरेन वेर्के, म्हणजे बव्हेरियाचा इंजिन कारखाना, असे करण्यात आले आणि त्याच वर्षी बोधचिन्हाची नोंदणी झाली. त्यातील निळा-पांढरा रंग बव्हेरिया राज्याच्या ध्वजातून आला आहे. हे चिन्ह फिरत्या पंख्याचे आहे, ही समजूत १९२९ मधील एका जाहिरातीतून रूढ झाली. ती इतकी घट्ट बसली की आजही पुष्कळजण ती खरी मानतात. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर विमान-इंजिने बनवण्याची बंदी आली, तेव्हा मॅक्स फ्रिट्झ या अभियंत्याच्या आराखड्यावरून १९२३ मध्ये आर ३२ ही मोटारसायकल निघाली. १९२८ मध्ये आइझेनाखचा कारखाना विकत घेऊन कंपनी मोटारींच्या धंद्यात आली. १९३३ च्या ३०३ या गाडीवर दोन मूत्रपिंडांच्या आकाराची ती प्रसिद्ध जाळी प्रथम दिसली, आणि १९३६ च्या ३२८ ने शर्यतींत नाव कमावले.

मग दुसरे महायुद्ध आले. त्या काळात कंपनीचा कणा पुन्हा विमान-इंजिने हाच होता, आणि म्युनिकजवळच्या आलाख येथील कारखान्यात सक्तीने आणलेले मजूर आणि दाखाउ छळछावणीच्या उपछावणीतील कैदी राबवले गेले. कंपनीच्या इतिहासातला हा भाग गाळून तिच्या आकर्षणाबद्दल लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

युद्ध संपले तेव्हा आइझेनाखचा मोटार-कारखाना सोव्हिएत विभागात गेला आणि म्युनिकच्या मिलबेर्ट्सहोफेन कारखान्यातील यंत्रे विजेत्यांनी उचलून नेली. १९४८ मध्ये मोटारसायकलींपासून पुन्हा सुरुवात झाली. युद्धानंतर इथपर्यंत धंद्याच्या हिशेबात कंपनीचे काही चुकले असे म्हणता येत नाही. चूक झाली ती पुढच्या पावलाला. युद्धोत्तर जर्मनीत लोकांना परवडणाऱ्या वाहनाची गरज असताना बीएमडब्ल्यूने १९५१ मध्ये ५०१ ही भलीमोठी, गोलाईदार, जड गाडी आणली. जर्मन लोकांनी तिला ‘बरोक देवदूत’ असे लाडके नाव दिले. चर्चमधील गुबगुबीत देवदूतांची आठवण व्हावी असाच तिचा आकार होता. पण तिची किंमत १५,००० मार्कांहून अधिक होती, आणि सामान्य कामगाराच्या कित्येक वर्षांच्या पगाराइतकी रक्कम मोजणारे गिऱ्हाईक मिळालेच, तर ते सहसा मर्सिडीजकडे वळत असे.

या दुखण्यावर जो उपाय शोधला गेला, त्याने दुखणे वाढले. न्यूयॉर्कचे आयातदार मॅक्स हॉफमन यांनी सुचवले की अमेरिकेत सुमारे ५,००० डॉलरला विकता येईल अशी देखणी उघडी स्पोर्ट्स गाडी बनवली तर हजारो खपतील. आल्ब्रेश्ट गोर्ट्झ यांनी रेखाटलेली ५०७ आजही जगातील सर्वांत सुंदर गाड्यांत गणली जाते, आणि लष्करी सेवेसाठी जर्मनीत असताना एल्विस प्रेस्ली यांनीही ती घेतली होती. पण पत्रे हातांनी घडवावे लागणाऱ्या त्या गाडीची किंमत ठरवलेल्या आकड्याच्या दुपटीपर्यंत चढली आणि एकूण अडीचशेच्या आसपास गाड्याच तयार झाल्या.

दुसऱ्या टोकाला होती इझेटा. इटलीच्या इझो कंपनीकडून परवाना घेऊन १९५५ पासून बनवलेले हे अंड्यासारखे वाहन, ज्याचे दार पुढून उघडत असे आणि ज्यात बीएमडब्ल्यूच्या मोटारसायकलीचे एका सिलिंडरचे इंजिन होते, तब्बल १,६१,००० हून अधिक खपले. कारखाना चालू राहिला तो मुख्यतः त्याच्या जोरावर. पण प्रत्येक इझेटामागे मिळणारा नफा अगदी थोडा होता, आणि लोकांच्या हाती पैसा खेळू लागताच त्यांना खऱ्याखुऱ्या मोटारीची ओढ लागली. मोटारसायकलींचेही तेच झाले: १९५४ मध्ये सुमारे ३०,००० असलेले उत्पादन १९५७ मध्ये साडेपाच हजारांच्या घरात आले.

थोडक्यात, कंपनीच्या दालनात एका बाजूला श्रीमंतांची आलिशान गाडी होती, दुसऱ्या बाजूला गरजूंचे अंडे होते, आणि ज्या मध्यम वर्गाची संख्या व कमाई दोन्ही झपाट्याने वाढत होती त्याला विकण्याजोगे तिथे काहीच नव्हते. कंपनीचे प्रमुख हाइनरिश रिश्टर-ब्रोम यांना हे कळत होते. मध्यम आकाराच्या गाडीची योजनाही त्यांनी मांडली होती. पण तिला लागणारे भांडवल उभे राहिले नाही. १९५८ चा तोटा सुमारे १.२ कोटी मार्कांवर गेला.

प्रस्ताव आणि त्यातील मेख

डायमलर-बेन्झची त्या वेळची ताकद वेगळी सांगायला नको. १९५४ पासून भारतात टेल्कोच्या सहकार्याने तिचे ट्रक बनत होते, आणि पुढे १९९५ पासून पुण्याच्या परिसरात तिच्या गाड्या बनू लागल्या. १९५८ मध्ये तिने आउटो युनियन ही कंपनी घेतलेली होती, आणि मागणी इतकी होती की उत्पादन वाढवायला तिला जागा व कुशल हात हवेच होते. बीएमडब्ल्यूच्या कारखान्यात दोन्ही तयार होते.

प्रस्तावाचे गणित असे होते. आधी बीएमडब्ल्यूचे ३ कोटी मार्कांचे भागभांडवल निम्म्यावर, म्हणजे दीड कोटीवर आणायचे. मग ७ कोटी मार्कांचे नवे भाग काढायचे आणि ते जुन्या भागधारकांना न देता थेट डायमलर-बेन्झच्या हाती सोपवायचे. याचा अर्थ, ज्यांच्याकडे काल संपूर्ण कंपनी होती त्यांच्याकडे उद्या साडेआठ कोटींपैकी दीड कोटी, म्हणजे जेमतेम सतरा-अठरा टक्के उरणार. शिवाय मर्सिडीजच्या साम्राज्यात बीएमडब्ल्यूच्या स्वतंत्र गाड्यांना कितपत जागा राहील, याची विक्रेत्यांना धास्ती होती. कारखाना हळूहळू मर्सिडीजला सुटे भाग पुरवणारे आवार होईल अशीच बहुतेकांची समजूत होती.

यातील खरी अडचण पर्यवेक्षक मंडळाच्या, म्हणजे व्यवस्थापनावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाच्या, रचनेत होती. मंडळाचे अध्यक्ष हान्स फाइथ हे डॉइच बँकेचे होते, आणि हीच बँक डायमलर-बेन्झच्या कारभारातही महत्त्वाच्या स्थानी होती. विकणारा आणि घेणारा या दोघांच्या खांद्यांवर एकाच बँकेचा हात होता. त्यात जर्मन पद्धतीप्रमाणे बँका त्यांच्याकडे सांभाळायला ठेवलेल्या ग्राहकांच्या भागांवर स्वतः मतदान करू शकत. त्यामुळे सभागृहात बसलेल्या शेकडो किरकोळ भागधारकांनी हात वर केले तरी बहुमत बँकांच्या कागदांवर आधीच जमलेले होते. प्रस्तावाची मुदतही त्याच दिवशी संपत होती, म्हणजे विचाराला वेळ मागण्याचीसुद्धा सोय ठेवलेली नव्हती.

सभेचा दिवस

या सभेतील विरोधकांची यादी मला फार महत्त्वाची वाटते, कारण त्यात एकही मोठा भांडवलदार नाही. डार्मश्टाटचा कोळशाचा व्यापारी एरिश नोल्ड होता, जो अनेक कंपन्यांच्या सभांत लहान भागधारकांच्या वतीने भांडण्यासाठी ओळखला जाई. फ्रँकफर्टचे वकील फ्रीडरिश माथेर्न होते, ज्यांनी किरकोळ भागधारकांची आणि विक्रेत्यांची बाजू घेतली होती. विक्रेते होते, ज्यांचे दुकान या नावावर चालत होते. आणि कामगार परिषदेचे प्रमुख कुर्ट गोल्डा होते, जे कारखान्याच्या स्वतंत्र अस्तित्वासाठी उभे होते.

नोल्ड यांनी लांबलचक भाषण करून वेळ खाल्ला. सभागृहातील वातावरण तापत गेले, व्यासपीठावरच्यांना हुर्ये ऐकावे लागले. पण संतापाने ठराव पडत नाहीत, आणि इथे तर मतांचे गणित विरोधकांच्या बाजूने कधीच नव्हते. निर्णायक ठरला तो माथेर्न यांनी ताळेबंदात शोधलेला एक मुद्दा.

कंपनीने त्या वर्षी ७०० ही छोटी मोटार तयार केली होती. व्हिएन्नाचे आयातदार वोल्फगांग डेन्झेल यांच्या पुढाकाराने इटालियन रचनाकार जोव्हान्नी मिकेलोत्ती यांनी तिला रूप दिले होते. मागच्या बाजूला ६९७ सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन, आणि दिसायला मात्र पुरती मोटार. सप्टेंबर १९५९ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात तिला जोरदार प्रतिसाद मिळाला होता. या गाडीच्या विकासाचा आणि साच्या-हत्यारांचा खर्च, जो वास्तविक तिच्या विक्रीच्या सर्व वर्षांवर वाटायला हवा होता, तो संपूर्ण एकाच वर्षात निर्लेखित केलेला, म्हणजे त्या एकाच वर्षाच्या हिशेबातून वजा केलेला होता. त्यामुळे तोटा होता त्यापेक्षा मोठा दिसत होता, आणि त्या मोठ्या दिसणाऱ्या तोट्याच्या आधारावरच भांडवल निम्मे करण्याची मागणी केली जात होती.

तेव्हाच्या जर्मन कायद्यात एक तरतूद होती: ताळेबंदातील विशिष्ट नोंदींवर आक्षेप घेऊन भांडवलाच्या दहा टक्क्यांइतक्या भागधारकांनी मागणी केली, तर सभा तहकूब करावी लागे. बहुमत मिळवण्याची गरज नव्हती, दहा टक्के पुरेसे होते. माथेर्न यांनी ते जमवले. सभा तहकूब झाली, त्या दिवसाची मुदत उलटली आणि डायमलर-बेन्झचा प्रस्ताव आपोआप रद्द झाला.

व्यवस्थापन शिकणाऱ्यांनी या टप्प्यावर जरा थांबावे असे मला मनापासून वाटते. नाममुद्रेवरच्या लोकांच्या प्रेमाने कंपनी वाचली, असे म्हणणे गोड आहे आणि त्यात तथ्यही आहे, कारण प्रेम नसते तर ते दहा टक्के जमले नसते. पण त्या प्रेमाला धरायला एक कलम मिळाले नसते, आणि ते कलम लावता येईल अशी ताळेबंदातील नोंद बारकाईने कोणी वाचली नसती, तर दुसऱ्या दिवशी सकाळी बीएमडब्ल्यू श्टुटगार्टची झाली असती. आणि ७०० ही चांगली गाडी नसती, तर त्या नोंदीवरच्या आक्षेपालाही वजन आले नसते.

हर्बर्ट क्वांट

सभा तहकूब झाल्याने पैसे आले नाहीत. ते काम हर्बर्ट क्वांट यांनी केले. लहानपणीच डोळ्यांच्या विकाराने त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. कागदपत्रे इतरांकडून वाचून घेऊन ते निर्णय घेत. बीएमडब्ल्यूचे मोठे भागधारक ते आधीपासून होते, आणि डायमलर-बेन्झमध्येही त्यांच्या घराण्याची मोठी गुंतवणूक होती, त्यामुळे प्रस्ताव मंजूर झाला असता तर त्यांचे फारसे बिघडणार नव्हते. सुरुवातीला त्यांचा कलही त्याच बाजूला होता. किरकोळ भागधारकांची आणि कामगारांची चिकाटी पाहून त्यांनी मत बदलले आणि आपल्या सल्लागारांना न पटणारा धोका पत्करून हिस्सा वाढवला. १९६० मध्ये विमान-इंजिन विभागाचा निम्मा वाटा मान या कंपनीला विकून रोकड उभी केली गेली, आणि भांडवल वाढवताना या वेळी जुन्या भागधारकांना नव्या भागांवर हक्क देण्यात आला.

क्वांट घराण्याच्या संपत्तीची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. हर्बर्ट यांचे वडील ग्युंथर क्वांट यांच्या बॅटरी कारखान्यांत नाझी राजवटीत सक्तीचे मजूर आणि छळछावणीतील कैदी कामाला लावले गेले होते. २००७ मधील एका दूरचित्रवाणी माहितीपटानंतर घराण्याने इतिहासकार योआखिम शोल्टिझेक यांच्याकडे संशोधन सोपवले आणि २०११ मध्ये ते प्रसिद्ध झाले. हर्बर्ट यांनाही त्या कारभाराची जाणीव व जबाबदारी होती असे त्यातून पुढे आले. ज्या भांडवलाने बीएमडब्ल्यू वाचली, त्या भांडवलाचा हा पूर्वेतिहास आहे.

मधली रिकामी जागा भरली

दरम्यान ७०० ने आपले काम चोख केले. १९६५ पर्यंत तिच्या सुमारे १,८८,००० गाड्या बनल्या आणि कारखान्याला दम घ्यायला वेळ मिळाला. सप्टेंबर १९६१ मध्ये फ्रँकफर्टला १५०० ही गाडी दाखवली गेली. तिच्या मालिकेला ‘नॉये क्लासे’, म्हणजे नवी श्रेणी, असे नाव पडले. चार दारे, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, आणि आलेक्स फॉन फाल्केनहाउझेन यांनी रचलेले ८० अश्वशक्तीचे चार सिलिंडरचे इंजिन. मागच्या दाराच्या खिडकीपाशी खांब जिथे खाली येतो तिथे पुढच्या दिशेने दिलेला तो छोटा बाक, जो रचनाप्रमुख विल्हेल्म होफमाइस्टर यांच्या नावाने ओळखला जातो, तोही याच काळातला.

फाल्केनहाउझेन यांची दूरदृष्टी इथे सांगण्याजोगी आहे. त्यांच्याकडे लहान इंजिनाची मागणी होती, पण त्यांनी इंजिनाचा मूळ ठोकळाच असा आखला की पुढे तो दोन लिटरपर्यंत वाढवता यावा. तो इतका भक्कम निघाला की १९८३ मध्ये नेल्सन पिके यांनी ब्रॅभम संघाकडून फॉर्म्युला वनचे जगज्जेतेपद मिळवले, त्या गाडीचे टर्बो इंजिन याच ठोकळ्यावर आधारलेले होते. घरच्या गाडीतील आणि शर्यतीच्या गाडीतील इंजिनाचे रक्ताचे नाते असावे, ही गोष्ट जाहिरातीतून निर्माण करता येत नाही.

नशिबानेही साथ दिली, हे मान्य केले पाहिजे. १९६१ मध्ये ब्रेमेनची बोर्गवार्ड कंपनी कोसळली, आणि तिची इझाबेला ही मध्यम वर्गाची चपळ व प्रतिष्ठित गाडी बाजारातून गेली. तिचे गिऱ्हाईक मोकळे झाले, तेव्हा बीएमडब्ल्यूची गाडी नेमकी तयार होती. त्याच वर्षी विक्रीप्रमुख म्हणून आलेल्या पाउल हाह्नेमान यांनी बाजारातले नेमके रिकामे कोनाडे हेरण्याचा असा सपाटा लावला की त्यांना ‘कोनाड्यांचा पाउल’ असे टोपणनाव पडले. १९६३ सालासाठी भागधारकांना लाभांश मिळाला. ज्या कागदांची किंमत चार वर्षांपूर्वी निम्मी करायला निघाले होते, त्यांवर मिळालेला तो लाभांश होता.

२००२ ही गाडी मात्र मला या साऱ्या प्रकरणाची खरी परीक्षा वाटते. १९६६ मध्ये नव्या श्रेणीची दोन दारांची छोटी, हलकी आवृत्ती आली होती. फाल्केनहाउझेन आणि नियोजन विभागाचे हेल्मुट वेर्नर ब्योन्श या दोघांनी, एकमेकांना न सांगता, स्वतःच्या वापरासाठी तिच्यात दोन लिटरचे मोठे इंजिन बसवून घेतले होते. त्याच सुमारास अमेरिकेतून अधिक शक्तीच्या छोट्या गाडीची मागणी आली, आणि ती करणारे होते तेच मॅक्स हॉफमन, ज्यांच्या सल्ल्याने ५०७ मध्ये कंपनीचे हात पोळले होते. गिऱ्हाईकाची नस त्यांनी १९५० च्या दशकातही बरोबर ओळखली होती. चुकले होते ते ती मागणी हातघडणीच्या महागड्या पत्र्यातून पुरवण्याचे गणित. १९६८ मध्ये आलेल्या २००२ साठी सांगाडा आणि इंजिन दोन्ही कारखान्यात आधीच बनत होते. जोडणी नवी होती, खर्च जुनाच होता, आणि गाडी अमेरिकेत गाजली.

या गाडीत चामड्याची ऐट नव्हती, लाकडी फळ्यांची चमक नव्हती. तरीही लोकांनी तिच्यासाठी जास्त पैसे मोजले, कारण वळणावर ती चालवणाऱ्याच्या हाताशी बोलत असे. मर्सिडीज ही मागच्या आसनावर बसून मिरवण्याची गाडी आणि बीएमडब्ल्यू ही स्वतः चालवण्याची, हा भेद गिऱ्हाइकांच्या मनात याच वर्षांत रुजला. ‘गाडी चालवण्यातला आनंद’ या अर्थाचे तिचे जर्मन ब्रीदवाक्य याच काळात प्रचारात आले आणि टिकले, कारण ते वापरण्यापूर्वी ते खरे करणाऱ्या गाड्या रस्त्यावर उतरलेल्या होत्या.

१९७२ मध्ये पाचची मालिका आली, १९७५ मध्ये तीनची, १९७७ मध्ये सातची. ऑलिंपिक मैदानाशेजारी कार्ल श्वान्झर यांनी रचलेला, चार सिलिंडरांच्या आकाराचा मुख्यालयाचा मनोरा १९७३ मध्ये वापरात आला. तो ज्या मिलबेर्ट्सहोफेन कारखान्याला लागून उभा आहे, तो हाच कारखाना, ज्यात मर्सिडीजचे सुटे भाग बनतील असे १९५९ मध्ये गृहीत धरले गेले होते. कंपनीचा जवळपास निम्मा हिस्सा आजही हर्बर्ट क्वांट यांच्या मुलांकडे, श्टेफान क्वांट आणि झुझाने क्लाटेन यांच्याकडे आहे. आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांची नवी पिढी आखताना कंपनीने तिला नाव दिले ते नॉये क्लासे हेच. तिच्यातील पहिली गाडी, आयएक्स३, सप्टेंबर २०२५ मध्ये म्युनिकच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली.